पेटीवरची बाराखडी

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या वाड्यात, चाळीत किंवा वस्तीवर जा. घरात कपाट असेल-नसेल, पण माळ्यावर नाहीतर पलंगाखाली हिरवट रंगाची, दोन्ही अंगांना कड्या असलेली एक दणकट पेटी बहुधा निघतेच. तिच्यात कुणी बाजरीचे बियाणे ठेवतो, कुणी पान्हे-हातोड्या ठेवतो, कुणी सात-बाराचे उतारे ठेवतो. काही घरांत तिच्यावर गोधडी टाकून तिचे बाकडे केलेले असते आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना तिच्यावरच बसवतात. ज्या पेटीतून एके काळी हजार काडतुसे आली, तिच्यावर बसून मुलाचा मामा "आमची तशी काही अपेक्षा नाही" असे म्हणतो. स्फोटक विधाने करायला याहून योग्य आसन नाही.

या पेट्या आमच्याकडेच का, याला कारण आहे. गावाचे नाव सरकारी कागदावर अहमदनगर होते, २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, आणि बोलताना आम्ही दोन्ही काळांत नुसते 'नगर'च म्हणत आलो. पाटी बदलली तरी गावाचे एक खाते कधी बंद पडले नाही, ते म्हणजे लष्कर. निजामशाहीने इथे तोफा ओतल्या. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने किल्ला घेतला आणि इंग्रजांची छावणी पडली. १९४८ पासून रणगाड्यांचे शिक्षण देणारे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे आहे. १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय उघडले, तिथे सुट्टीच्या दिवशी मुले रणगाड्यांपुढे फोटो काढून घेतात आणि बाप "उन्हात फिरू नका" म्हणून ओरडत असतात. शिवाय खारे कर्जुने गावाच्या दोन आद्याक्षरांवरून जिला के. के. रेंज म्हणतात, ती गोळाबारीच्या सरावाची विस्तीर्ण जमीन आहेच. आता लष्कर म्हटले की सामान आले, सामान म्हटले की पेटी आली, आणि पेटी रिकामी झाली की लिलाव आला. लिलाव आला की नगरकर घरी थांबत नाही.

पेटीवर पांढऱ्या, पिवळ्या किंवा काळ्या रंगात काहीबाही लिहिलेले असते. त्या मजकुराचे वाचन घरोघरी तीन पद्धतींनी चालते. पहिली पद्धत आजोबांची: ते डोळे बारीक करून म्हणतात, "इंग्रजांच्या वेळचं आहे, असा माल आता मिळत नाही." दुसरी पद्धत नातवाची: तो प्रत्येक आकडा म्हणजे बॉम्बचे वजन समजतो. तिसरी पद्धत गृहिणीची: ती घासणी आणि सोडा घेऊन मजकूरच पुसून काढते. इतिहास संशोधनाच्या दृष्टीने तिसरी पद्धत सर्वांत घातक. पण पेटी मात्र लख्ख निघते.

चौथी पद्धत आम्हाला आमच्या आळीतल्या निवृत्त सुभेदारांनी शिकवली. गृहस्थ मूळचे पारनेर तालुक्यातले. सारी नोकरी दारूगोळ्याच्या कोठारांत गेली. त्यामुळे चहाचा कपसुद्धा ते कुठे ठेवायचा हे आधी ठरवून मगच उचलतात. "पेटी बघायची नसती, बँकवाले, वाचायची असती," ते एकदा म्हणाले. "तिच्यावर पाच गोष्टी लिहिलेल्या असतात. मालक कोण, माल काय, नग किती, कुणी आणि कधी भरला, आणि धोका किती. सहावी गोष्ट लिहिलेली नसती, ती आपण समजून घ्यायची."

आम्ही बी. कॉम. आहोत. रकाने म्हटले की आम्हाला माहेर दिसते.

पहिला रकाना मालकाचा. जुन्या ब्रिटिश पेटीवर, संगिनीवर, दुर्बिणीवर, पाण्याच्या बाटलीवर एक छोटी खूण असते: एक उभी रेघ आणि वरून तिला टेकलेल्या दोन तिरक्या रेघा. सुभेदार तिला कोंबडीचा पाय म्हणतात. इंग्रज तिला रुंद बाण म्हणत. अर्थ एवढाच, की हा माल सरकारी आहे. ही खूण असलेली वस्तू खाजगी माणसाजवळ सापडली तर तो गुन्हा, असा कायदा इंग्लंडात सतराव्या शतकाच्या अखेरीसच झाला होता. कैद्यांच्या कपड्यांवरही हेच बाण छापत. म्हणजे पेटी, बंदूक आणि कैदी, तिघेही एकाच खतावणीत. हिंदुस्थानसाठी घेतलेल्या मालावर बाणाखाली इंडियाचा 'आय' असे. तेव्हा तुमच्या माळ्यावरच्या पेटीवर बाण असेल तर ती एके काळी सरकारी होती, एवढे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. ती तुमच्या घरी कशी आली, हे मात्र आजोबांना चारचौघांत विचारू नये.

मालकाची खूण मालावर मारायची चाल इंग्रजांनी आणली असे मात्र समजू नका. या बाबतीत नगर फार पुढारलेले होते. विजापूरच्या बुरुजावर मलिक-इ-मैदान ही जी प्रचंड तोफ आहे, ती १५४९ साली इथे नगरात ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन. ओतणारा महंमद बिन हसन रूमी. त्याने तोफेवर निजामशहाचे नाव, स्वतःचे नाव आणि हिजरी सन ९५६ कोरून ठेवले. मालक, उत्पादक, तारीख, असे तीन रकाने पूर्ण! पुढे तोफ परांड्याला गेली, तिथून आदिलशाहीने १६३२ मध्ये विजापूरला ओढून नेली. मग १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले आणि त्याच तोफेवर आपल्या विजयाचा लेख जोडला. आमच्या भाषेत सांगायचे तर मूळ ठेवीदाराचे नाव न खोडता खाली नव्या धारकाचे नाव चढवले. हा पातशहा हिशेबाला पक्का होता असे म्हणतात, ते उगीच नाही.

या तोफेची शेवटची नोंद तर कुठल्याही लिपिकाचे काळीज हलवील. १८५४ साली निरुपयोगी सरकारी सामान विकून टाका असा हुकूम निघाला आणि ही तोफ चक्क लिलावात निघाली. बोली आली १५० रुपये. ५५ टनाला दीडशे! ही रक्कम फारच थोडी वाटल्यामुळे विक्री रद्द झाली आणि तोफ वाचली. इतिहासाबद्दलच्या आदराने किती स्मारके वाचली ते आम्हाला ठाऊक नाही. पण हे एक कमी भावामुळे वाचले.

दुसरा रकाना मालाचा. इथे घोटाळा फार. पेटीवर ठळक अक्षरांत 'एच ५०' किंवा 'बी १६६' असे काही दिसले, की पाहणारा लगेच आत एच नावाचे काहीतरी पन्नास होते असे धरून चालतो. वास्तविक तो पेटीच्या नमुन्याचा क्रमांक. लोणच्याच्या बरणीच्या बुडाशी बरणीवाल्याचा शिक्का असतो, तसला. त्यावरून आत लिंबू होते की कैरी ते कळत नाही. मालाचे नाव वेगळे असते. 'एस. ए. ए.' म्हणजे लहान हत्यारांचा दारूगोळा, अर्थात बंदुका, मशीनगनची काडतुसे. पुढे '.३०३' हे नळीचे माप, इंचाच्या हजाराव्या हिश्शांत. आपल्याकडच्या हवालदारापासून सिनेमातल्या डाकूपर्यंत सर्वांना ठाऊक असलेली 'थ्री नॉट थ्री' ती हीच. त्यापुढे रोमन आकडा सात. हा काडतुसाचा सातवा नमुना, १९१० मध्ये आलेला आणि दोन्ही महायुद्धे लढलेला. १९४४-४५ च्या सुमारास इंग्रज सैन्याने रोमन आकडे सोडून साधे आकडे घेतले. तेव्हा पेटीवर व्ही आणि दोन काड्या दिसल्या तर माल बहुधा त्याआधीचा, आणि नुसता सात दिसला तर नंतरचा. इतकी सोपी तारीख आमच्याकडच्या कित्येक शिलालेखांवरसुद्धा मिळत नाही.

माल आणखी पोटभेदांतही सांगितलेला असे. ब्रिटिश काडतुसाच्या बुडाशी, जिथे हातोडी आपटते त्या टोपीभोवती, रंगाचे बारीक कडे असे. जांभळे असले तर साधी गोळी, हिरवे असले तर चिलखत भेदणारी, लाल असले तर उजेडाची रेघ काढत जाणारी, निळे असले तर आग लावणारी. अंधारात, पावसात, मागून कुणीतरी ओरडत असताना शिपायाला एका नजरेत कळावे म्हणून केलेली ही सोय. आमच्याकडे पैसे भरायची स्लिप वेगळ्या रंगाची आणि काढायची वेगळ्या रंगाची, तरीही माणसे चुकतात. आणि आमच्याकडे तर मागून फक्त रांग ओरडत असते.

तिसरा रकाना नगाचा. पाच काडतुसांची एक पत्र्याची पट्टी. अशा दोन पट्ट्या कापडी पट्ट्याच्या एका खिशात. पाच खिशांचा एक पट्टा, म्हणजे ५० काडतुसे, गळ्यात अडकवून धावता येईल असा. आणि पहिल्या महायुद्धातल्या त्या जाड लाकडी पेटीत असे २० पट्टे, म्हणजे हजार काडतुसे. आता गंमत पाहा. बँकेत शंभर नोटांचे एक पाकीट, आणि दहा पाकिटांचे एक बंडल, म्हणजे हजार नोटा. जगातली सगळी मोजदाद कुठेतरी एकाच कारकुनाच्या डोक्यातून निघाली असावी असा आमचा जुना संशय आहे.

नग मोजणारा कारकून ऐन लढाईत आडवा येतो, असा एक आळ मात्र आमच्या जमातीवर फार दिवसांपासून आहे आणि तोही पेटीवरूनच आलेला आहे. २२ जानेवारी १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेत इसांडलवाना इथे झुलू सैन्याने इंग्रजांच्या छावणीचा फडशा पाडला. इंग्रजांच्या बाजूची तेराशेच्या वर माणसे मेली. या पराभवाचे खापर काडतुसांच्या पेटीवर फुटले. पेटी लाकडाची, ६०० काडतुसांची, तांब्याच्या पट्ट्या ठोकलेली, आणि सरकते झाकण एका स्क्रूने बसवलेले. स्क्रू काढायला हत्यार सापडेना, म्हणून सैन्य मेले, अशी दंतकथा. तिच्या जोडीला दुसरी गोष्ट आहे, आणि ती दंतकथा नाही. स्मिथ-डोरियन नावाचा एक तरुण अधिकारी त्या धुमाळीत पेट्या फोडत होता. ब्लूमफिल्ड नावाच्या कोठारप्रमुखाने त्याला हटकले, की या पेट्या आमच्या पलटणीच्या आहेत, तुमच्या नव्हेत. स्मिथ-डोरियन वाचला, पुढे जनरल झाला आणि १९२५ साली आठवणी छापताना हे लिहायला विसरला नाही.

ही हकिकत ऐकून लोक हसतात. आम्ही हसत नाही. समोरून वीस हजार झुलू येत आहेत आणि हा गृहस्थ विचारतो, माल कोणत्या खात्याचा? पण दुसरी बाजू बघा. त्याच्या पलटणीचा बहुतेक भाग सेनापतीबरोबर कित्येक मैल पुढे गेलेला होता. त्याला लागेल तेव्हा पाठवायला तो साठा राखून ठेवायचा हुकूम होता. पेटीवरच्या खुणेवर विसंबून कुणीतरी दूर उभा आहे, हे डोक्यात ठेवूनच तो आडवा आला. आणि तोही त्याच दिवशी तिथेच, आपल्या गाड्यांपाशी मेला. आजचे अभ्यासक म्हणतात, की झाकण एका लाथेने उघडत असे. खरी चूक शिपायांची रांग फार लांबवर आणि फार विरळ पसरली, ही होती. म्हणजे चूक वरच्या साहेबाची आणि शेरा कोठारावर. या नोंदीची आम्हाला नवल वाटत नाही.

चौथा रकाना लॉटचा. सुभेदारांचा सर्वांत लाडका. "बाकी सगळं खोडलं तरी चालंल," ते म्हणतात, "लॉट नंबर खोडू नका." लॉट म्हणजे एकाच कारखान्यात, एकाच सामानातून, एकाच दमात तयार झालेला माल. त्यातले एक काडतूस जरी बंदुकीत फुसके निघाले किंवा नको तिथे फुटले, तर त्या नंबराच्या साऱ्या पेट्या, त्या पुलगावच्या कोठारात असोत की सीमेवरच्या खंदकात, बाजूला काढायच्या. म्हणून लॉट नंबर हा त्या मालाचा दाखला. आमच्याकडे नोटांच्या पाकिटावर मोजणाऱ्याची सही आणि तारीख असते, तिचे काम हेच. शंभरात एक नोट कमी निघाली, तर ती पट्टी माणसाला सुट्टीवरून शोधून आणते.

महाराष्ट्रात ही पट्टी लावणारे दोन मोठे कारखाने. पुण्याजवळच्या खडकीचा १८६९ सालचा, आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा, १९६४ सालचा. खडकीला इंग्रज 'किर्की' म्हणत, म्हणून काडतुसाच्या बुडावर 'के. एफ.', म्हणजे किर्की फॅक्टरी, आणि सालाचे दोन आकडे. वरणगावचे 'ओ. एफ. व्ही.' १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत गेले. गावाचे 'किर्की' जाऊन 'खडकी' होऊन कितीतरी वर्षे झाली, पण पितळेवर उठलेले 'के' मात्र टिकले. नावे बदलणाऱ्यांनी पितळेचा विचार कधी केलेला दिसत नाही.

इथे पेटीवरून साल काढणाऱ्या हौशी लोकांना एक इशारा. पेटीचे वय आणि मालाचे वय एक नव्हे. चांगली पेटी पुन्हा भरली जाते. दुरुस्तीला जाते, रंग लागतो, नवा मजकूर येतो. तिरक्या उन्हात धरली तर हिरव्या रंगाखाली जुन्या अक्षरांचे उंचवटे दिसतात. वर एक तारीख, खाली दुसरी. आम्ही एका पेटीवर असे तीन थर मोजले. सुभेदार म्हणाले, "ही पेटी तीनदा नोकरीला लागली. पेन्शन मात्र एकदाच." ती पेन्शन आमच्या शेजाऱ्यांच्या माळ्यावर, कुरडया सांभाळत चालू आहे.

पाचवा रकाना धोक्याचा. इंग्रजांच्या १८७५ च्या कायद्याने स्फोटकांचे वर्ग पाडले आणि तीच वर्गवारी आपल्याकडेही आली. दारूगोळा हा वर्ग ६, त्यात विभाग १, २, ३. म्हणून जुन्या पेटीच्या लेबलावर 'क्लास ६' दिसतो. पुढे संयुक्त राष्ट्रांनी साऱ्या जगासाठी एक पद्धत ठरवली: कोनावर उभा केलेला नारिंगी चौकोन आणि त्यात आकडा. १.१ म्हणजे सगळा साठा एकदम उडेल. १.४ आणि पुढे एस हे अक्षर म्हणजे आग लागली तरी धोका पेटीपुरता राहील. साधी काडतुसे बहुधा यातली. म्हणजे नारिंगी चौकोन दिसला की पेटी इंग्रजांच्या वेळची आहे हा आजोबांचा दावा निकालात निघाला. तरी आजोबांना ते सांगू नये. घरात दारूगोळा तसाही पुष्कळ असतो.

ही धोक्याची खूण म्हणजे कागदी सोपस्कार, असे ज्यांना वाटते त्यांनी १४ एप्रिल १९४४ ची मुंबई आठवावी. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचे जहाज उभे होते. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, कराचीत चढवलेल्या कापसाच्या ८,७०० गासड्या आणि सोन्याच्या १२४ विटा. स्फोटके असलेल्या जहाजाने लाल निशाण लावायचे असते. या जहाजावर ते नव्हते. दुपारी धूर दिसला. गोदीत अशी आग रोज कुठेतरी लागते, त्यामुळे आजूबाजूची जहाजे जागची हलली नाहीत आणि माणसे काम करत राहिली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, चार चौतीसला दुसरा. शेकडो माणसे गेली. त्यांत ६६ जण आग विझवायला गेलेले बंबवाले होते, आणि त्यांच्यासाठी आजही देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. सोन्याच्या विटा पुढे अनेक वर्षे गाळातून निघत राहिल्या आणि परत केल्या गेल्या. सोन्यावर मालकीची खूण होती, नंबर होता, शोधणारे होते. निशाण मात्र वेळेवर कुणी चढवले नाही. एका जहाजावरची ही दोन खाती शेजारी-शेजारी ठेवून पाहिली, की आमच्यासारख्या माणसाच्याही घशाशी काहीतरी येते.

आता सुभेदारांचा सहावा, न लिहिलेला रकाना. पेटी रिकामी झाली, की जुना मजकूर खोडायचा असतो आणि कुणीतरी जबाबदार माणसाने आत हात घालून, तपासून, 'स्फोटके नाहीत' असे लिहून सही करायची असते. म्हणजे पेटी भरल्याची जशी नोंद, तशीच ती रिकामी झाल्याचीही. आमच्याकडेसुद्धा खाते बंद करताना शून्य शिल्लक कुणीतरी सहीनिशी सांगावी लागते. शून्य हा आकडा आपोआप खरा होत नाही. पण के. के. रेंजच्या मातीत पडलेल्या गोळ्याला ही सही कुणाची मिळणार? रणगाड्यातून सुटलेला गोळा फुटला तर त्याचे लोखंड होते. न फुटता मातीत शिरला तर वरचा रंग पावसाने जातो, अक्षरे गंजतात आणि तो वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो.

नगर, पारनेर, राहुरी तालुक्यांतली गावे या रेंजच्या कडेला आहेत. जमीन कोरडवाहू. पावसाने दगा दिला की भंगार हेच पीक. पितळेला, तांब्याला भाव असतो. गोळा करायला माणसे जातात, आणि मधूनच नगरच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येतात, की भंगार काढताना स्फोट, अमुक ठार, तमुक जखमी. आम्ही लहानपणापासून त्या चार ओळी वाचत आलो. शिकवलेल्या माणसांच्या हाती असतानासुद्धा जुना माल दया करत नाही. २० नोव्हेंबर २०१८ ला वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट होऊन सहा माणसे गेली. मग ज्याला ती अक्षरे कुणी कधी शिकवलीच नाहीत, त्याने काय करायचे? पेटीवरचा सारा मजकूर इंग्रजीत, संक्षेपात, आणि लिहिलेला दुसऱ्या शिपायासाठी. पेटी शिपायाच्या हातून सुटून बाईच्या डोक्यावरच्या पाटीत आली, की तोच मजकूर नुसता रंग होतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आळीत भंगारवाल्याची हातगाडी आली. रद्दी, पत्रे, मोडकी सायकल आणि खाली एका लष्करी पेटीत हातभर लांबीचे काहीतरी, फिकट निळे. आळीतल्या एका विद्वानाने लगेच सांगितले, "निळा रंग म्हणजे सरावाचा गोळा. त्यात काही नसतं." माहिती अर्धी बरोबर होती. फिकट निळा रंग सरावाच्या दारूगोळ्याचाच. पिवळा उच्च स्फोटकाचा, काळा चिलखत भेदणाऱ्याचा, फिकट हिरवा धुराचा. पण सुभेदार चहाचा कप कुठे ठेवायचा ते न ठरवताच उठले. आयुष्यात पहिल्यांदा. "सरावाच्या गोळ्यातसुद्धा फेकायची दारू असती," ते ओरडले, "कुठं पडला ते दिसावं म्हणून धुराची पुडी असती. हात काढा! पोरांना आत घ्या!" मग आळी रिकामी झाली, पोलीस आले, त्यांच्यामागून बॉम्बशोधक पथक आले, आणि वाळूच्या पोत्यांत गुंडाळून ती वस्तू गेली.

मागे राहिला भंगारवाला. तो घाबरलेला होता, पण त्याहून जास्त हिशेबात अडकलेला होता. रेंजकडच्या एका बाईला त्याने किलोवर रोख पैसे मोजले होते. "माल गेला, साहेब. वजनाचे पैसे कोण देणार?"

सुभेदारांनी खिशातून नोटा काढल्या. "हे घे. पण त्या बाईला सांगायचं. लिहिलेलं वाचून एखादी पेटी भरलेली आहे एवढं कळतं. रिकामी आहे हे वाचून कळत नाही, तपासून कळतं, आणि ते काम तिचं नाही, तुझं नाही, माझं पण नाही. असलं काही दिसलं तर हलवायचं नाही. जागेवर ठेवायचं, लांब व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं. आणि तिला म्हणावं, लोखंडाचा भाव मला विचार."

भंगारवाल्याने मान डोलावली आणि पावती मागितली. पैसे मिळाल्यावर स्वतःहून पावती मागणारा माणूस आम्ही नोकरीत फार थोडा पाहिला आहे. आम्ही खिशातले पेन काढले आणि जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला रकाने आखले. माल: नक्की नाही. नग: एक. लॉट: अक्षरे गेलेली. मालक: भारत सरकार. धोक्याच्या रकान्यात काय लिहावे म्हणून आम्ही सुभेदारांकडे पाहिले.

"मराठीत लिहा," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरात."